दोन वर्षांचं बिऱ्हाड

प्रतिभाचा फोन आला तेव्हा संपत कोळपे कारखान्याच्या लॅबमध्ये उसाच्या रसाची गोडी मोजत होता. फेब्रुवारीचा महिना, पाटसला गाळप ऐन भरात, बाहेर ट्रॅक्टरांची रांग हायवेपर्यंत गेलेली. अशा वेळी घरचा फोन घ्यायचा नाही असा त्याचा शिरस्ता होता. पण प्रतिभा दिवसा कधी फोन करत नसे. त्यानं हातातली नळी स्टँडला लावली आणि फोन घेतला.

"ऑस्ट्रेलिया," ती म्हणाली. "दोन वर्षं. एक्स्चेंज पोस्टिंग. त्यांचा एक अधिकारी आपल्याकडं येणार, मी त्यांच्या इंजिनीअर रेजिमेंटमध्ये जाणार. जानेवारीत निघायचंय. आणि अहो, फॅमिली नेता येते."

"फॅमिली म्हंजी?"

"म्हणजे तुम्ही. आणि रुद्र."

संपत फोन घेऊन लॅबच्या बाहेर आला. लग्नाला दहा वर्षं झाली होती. प्रतिभा दौंडची, वडील एसआरपीत जवान. लग्न ठरलं तेव्हाच ती लेफ्टनंट होती आणि नोकरी सोडणार नाही हे तिनं पहिल्याच भेटीत सांगितलं होतं. संपतला ते आवडलंही होतं. पण मग ती कधी पठाणकोटला, कधी सिक्कीममध्ये, आणि तो पाटसला भाड्याच्या खोलीत. रुद्र झाला तो निमोण्यात संपतच्या आईवडिलांपाशी वाढला. साप्ताहिक सुट्टीला संपत मोटरसायकल काढायचा, चौफुला, न्हावरा करत घरी जायचा, दुसऱ्या दिवशी परत. प्रतिभा वर्षातून दोनदा रजेवर यायची. तिघं एका छपराखाली सलग महिनाभर राहिलेत असं एकदाही झालं नव्हतं.

बातमी लॅबमध्ये पसरायला वेळ लागला नाही. शेजारच्या टेबलावरचा इंद्रजीत म्हणाला, "संपतराव, व्हिसावर काय लिहित्यात ठावं हाय का? डिपेंडंट. म्हंजी वहिनी कमवणार आन् तुम्ही दाराशी रांगोळी काढनार."

सगळे हसले. संपतही हसला, पण मोटरसायकलवरून घरी जाताना ते शब्द त्याच्या डोक्यात वाजत राहिले. बिनपगारी रजा मागायची, साहेबांपुढं कारण सांगायचं, आणि कारण काय, तर बायकोची बदली.

निमोण्याला पोचला तर हरिबा गोठ्यापुढं बसून दोरीला पीळ देत होते. संपतनं सगळं सांगितलं. बापाला हे रुचणार नाही असं त्याला वाटत होतं, म्हणून बोलताना त्यानं मान वर केली नाही.

"मग अडलंय कुठं?" हरिबांनी विचारलं.

"लोक हासत्यात, आबा. बायकोच्या मागं चालला म्हणत्यात."

हरिबांनी दोरी खाली ठेवली. "हे बघ. दिवाळी झाली की आमी मेंढरं घिऊन घाट उतरायचो. तुझी आय घोड्यावर भांडी, कोंबड्या, तुला, समदं लादून चालायची. ती काय माझ्या मागं चालायची व्हय? ती मेंढरांमागं, मीबी मेंढरांमागं. जिकडं चारा तिकडं बिऱ्हाड. तवा कोन हासलं न्हाई. आन् आता तुला विमान मिळतंय तर तू लाजतोस?"

संपतची आई, अनसाबाई, आत चुलीपाशी होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. त्या बाहेर आल्या, रुद्रकडं बघितलं. तो अंगणात म्हस्कू नावाच्या कुत्र्याच्या कानातल्या गोचड्या काढत बसला होता.

"तिकडं बाजरी मिळती का?" त्यांनी विचारलं. त्याहून जास्त त्या काही बोलल्या नाहीत. पण जायच्या दिवशी त्यांनी बॅगेत पाच किलो पीठ भरलं, आणि विमानतळावर अडवतील म्हणून संपतनं ते काढलं तेव्हा पाठ फिरवून घरात निघून गेल्या.

*

उत्तर क्वीन्सलँडमध्ये लष्करानं त्यांना दिलेलं घर खांबांवर उभं होतं, मागं आंब्याचं झाड होतं आणि हवा अशी दमट की धुतलेला शर्ट दोन दिवस वाळत नव्हता. प्रतिभा पहाटे उठून पळायला जायची, मग युनिटमध्ये, संध्याकाळी परत. रुद्रला शाळेची गाडी न्यायची. उरलेल्या घरात संपत एकटा.

पहिल्या महिन्यात ध्यानात आलं की तिघांना एकत्र राहायची सवयच नाही. प्रतिभाला कपड्यांची घडी चौकोनी लागायची. तिनं फ्रिजवर कामांची यादी लावली, त्यात कोणी किती वाजता काय करायचं ते लिहिलं. संपतनं ती वाचली आणि म्हणाला, "मी तुझा जवान न्हाई."

ती खवळेल असं त्याला वाटलं. पण तिनं यादीकडं नीट बघितलं, मग स्वतःलाच हसू आवरेना. "खरंच हो. मी तुम्हाला साडेपाचची हजेरी लावलीय." तिनं कागद काढून उलटा केला आणि मागच्या बाजूला रुद्रला चित्र काढायला दिलं.

रुद्रचं मात्र एवढं सोपं नव्हतं. तो आजीला आई म्हणायचा. प्रतिभा त्याची मम्मी होती, सुट्टीत येणारी, बॅगेतून खाऊ काढणारी. तिच्याशी तो पाहुण्याशी बोलावं तसं जपून बोलायचा. एका दुपारी तो सायकलवरून पडला, गुडघा सोलवटला. प्रतिभा घरीच होती. औषध आणि कापूस घेऊन ती धावत गेली तर तो हुंदके देत म्हणाला, "आईला फोन लाव."

प्रतिभानं कापूस खाली ठेवला. मग तिनं खरंच फोन लावला. पडद्यावर अनसाबाईंचा अर्धा चेहरा आणि वरचा पत्रा दिसला.

"काय झालं रं माझ्या राजा? रगत येतंय? अगं प्रतिभा, हळद लाव की."

"आत्या, हळद कुठं ठेवलीय तेच मला ठाऊक नाही."

"संप्याला इचार. त्याला बरं ठावं असंल."

संपतनं हळद काढून दिली. प्रतिभानं लावली, अनसाबाईंनी निमोण्यातून फुंकर मारली, आणि रुद्र गप्प झाला. संध्याकाळी भांडी पुसताना प्रतिभा म्हणाली, "वाईट वाटलं मला. खोटं कशाला बोलू. पण आठ वर्षं मी नव्हते, आत्या होत्या. तो कुणाला हाक मारणार?" आणि पुसलेली ताटली परत पुसत राहिली.

मार्चमध्ये एक पत्र आलं. युनिटमधल्या अधिकाऱ्यांच्या जोडीदारांसाठी सकाळचा चहा ठेवला होता. संपत जाणार नव्हता. प्रतिभानं आग्रह केला नाही, म्हणूनच बहुतेक तो गेला. आदल्या दिवशी शंकरपाळ्या तळल्या, डबा भरला. दारात एक बाई नावं लिहून घेत होती. तिनं यादीत बघितलं, त्याच्याकडं बघितलं, आणि विचारलं, "तुमच्या मिसेस मागून येतायत का?"

संपतचं इंग्रजी कारखान्यातलं. घाईत जे सुचलं ते तो बोलला, "मिसेस कामावर गेलीय. इथली मिसेस मीच."

ती बाई हसली, आतल्या नऊ बायका हसल्या, आणि त्याला वाटलं होतं तसं काही वाईट वाटलं नाही. शंकरपाळ्या अर्ध्या तासात संपल्या. त्यातल्या हेदर नावाच्या एकीनं विचारलं, तिकडं काय काम करायचास? साखर कारखान्यात, लॅबमध्ये, असं त्यानं सांगितलं, तशी तिनं कप खालीच ठेवला. तिचे वडील ऊसवाले होते. गावापासून तासाभराच्या अंतरावर, ओढ्यापलीकडं.

तो म्हातारा म्हणजे लेन. उंच, वाकलेला, गुडघ्यापर्यंतची चड्डी आणि पायात जाड बूट. पहिल्या शनिवारी संपत आणि रुद्र त्याच्याकडं गेले तेव्हा लेननं त्यांना शेत दाखवायच्या आधी एक ऊस कापून हातात दिला. बघू तरी हा खरंच साखरवाला आहे का, असा त्याचा चेहरा. संपतनं कांडं चावलं, थोडं चघळलं, आणि इंग्रजीत म्हणाला, अजून दोन महिने थांबा. लेननं खिशातून छोटी दुर्बिणीसारखी नळी काढली, रसाचा थेंब टाकून गोडी बघितली, आणि काही न बोलता संपतचा हात हातात घेऊन हलवला. रुद्रनं तोवर दुसरा ऊस दातांनी सोलायला घेतला होता. लेननं पन्नास वर्षं ऊस पिकवला होता, पण दातांनी सोलणारं माणूस पहिल्यांदाच बघत होता. त्यानं बायकोला हाका मारून बाहेर बोलावलं.

तिथपासून दर शनिवार ठरलेला. जूनमध्ये तोड सुरू झाली आणि संपत बघतच राहिला. ना टोळ्या, ना कोयते, ना खोपट्या. एक यंत्र उसात शिरायचं आणि कांड्या उडवत बाहेर यायचं. डबे भरले की चिमुकली रेल्वे थेट बांधावर येऊन ते ओढून न्यायची. रुद्र त्या रेल्वेच्या इंजिनात बसून आला. संपत निमोण्याला फोनवर तासतास सांगायचा. हरिबांचा एकच प्रश्न असायचा, "आन् वाढं? वाढं कोन खातं? गुरं न्हाईत?" वाढं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, तिथं शेतातच पसरून ठेवतात हे ऐकून ते फार हळहळले.

*

दुसऱ्या वर्षी फेब्रुवारीत पाऊस लागला तो थांबेचना. एका शनिवारी लेनच्या शेडमधली औजारं उंचावर न्यायला संपत आणि रुद्र गेले आणि मुक्कामाला राहिले. सकाळी उठले तर ओढ्याची नदी झालेली, आणि रस्त्यावरचा पूल गेलेला. नुसते दोन काँक्रीटचे खांब वर दिसत होते. अलीकडं लेनसारखी अकरा घरं. वीज नाही, मोबाईलला रेंज नाही. घर उंचावर होतं, खायला होतं, त्यामुळं भीती वाटावी असं काही नव्हतं. काळजी एवढीच, की प्रतिभाला कळवणार कसं.

प्रतिभाला त्या दिवशी सकाळीच हुकूम आला होता, त्याच ओढ्यावर तात्पुरता लोखंडी पूल टाकायचा. नकाशावर गावाचं नाव वाचलं आणि तिनं कमांडिंग ऑफिसरला सांगितलं, माझा नवरा आणि मुलगा पलीकडं आहेत. त्यानं विचारलं, तुला या कामातून मोकळं करू का? ती म्हणाली, "मोकळी केलीत तरी मी काठावरच येऊन उभी राहणार. मग काम तरी करते."

हे संपतला नंतर कळलं. त्या दिवशी दुपारी त्याला एवढंच दिसलं, की पलीकडच्या काठावर हिरव्या गाड्या आल्या, माणसं उतरली, आणि त्यांच्यातली एक बुटकी, टोपी मागं सरकवलेली आकृती चिखलातून सरळ पाण्याच्या कडेला आली.

"पप्पा, मम्मी!" रुद्र ओरडला.

पाण्याच्या आवाजात काही ऐकू जात नव्हतं. प्रतिभानं हात वर केला. मग मागं गेली, कुणाकडून तरी हातातला भोंगा घेऊन आली. दोन्ही काठांवरची सगळी माणसं गप्प झाली. मेजर प्रतिभा आता काहीतरी सूचना देणार, असं सगळ्यांना वाटलं.

"रुद्र!" भोंग्यातून मराठी आवाज आला. "जेवलास का?"

रुद्रनं दोन्ही हात हलवून होकार दिला. लेननं संपतला विचारलं, काय म्हणाली? पूल लागल्यावर आधी काय करायचं ते? संपतनं अर्थ सांगितला. लेन इतका हसला की त्याला कुंपणाचा आधार घ्यावा लागला.

पुढचे दोन दिवस रुद्र काठावरून हलला नाही. लेनच्या बायकोनं त्याला खुर्ची आणि छत्री दिली. त्यानं मम्मीला काम करताना कधी पाहिलंच नव्हतं. ती कुठं असते, काय करते, याचं त्याच्या डोक्यात काही चित्र नव्हतं. आता तो बघत होता. ती दोरी लावून अंतर मोजत होती, वहीत लिहीत होती. एकदा तिनं एका उंच जवानाला थांबवून सगळे बोल्ट परत काढायला लावले. तो जवान काहीतरी बोलला, तिनं मान हलवली, आणि बोल्ट निघाले. लोखंडी सांगाडा हात हात करत अलीकडं सरकत होता. सकाळी कामाला येताना पलीकडचे जवान रुद्रला बघून एकसुरात ओरडायचे, "जेवलास का!" आणि रुद्र इकडून हात हलवायचा.

तिसऱ्या दिवशी दुपारी पूल लागला. एका वेळी एकच गाडी, तीही सावकाश. प्रतिभा अलीकडं चालत आली, हातात यादी. आठवा महिना लागलेली एक बाई आधी. मग हृदयाचं दुखणं असलेला म्हातारा, मग तान्ही मुलं असलेली दोन घरं. लेनची गाडी नववी होती. प्रतिभा रुद्रच्या शेजारून दोनदा गेली, एकदा त्याच्या छत्रीला बोट लावलं आणि पुढं गेली.

"आपल्याला आधी का नाही सोडलं?" रुद्र रुसून म्हणाला.

"आपल्याला काय झालंय? ठणठणीत हाय की आपन," संपत म्हणाला.

त्यांचा नंबर आला तेव्हा प्रतिभानं खिडकीत वाकून लेनला विचारलं, माणसं किती, मागं सामान काय. लेननं उत्तरं दिली. तिनं नोंद केली आणि हातानं खूण केली, चला, हळू. गाडी पुलावर चढली. रुद्र मागच्या काचेतून तिच्याकडं बघत राहिला.

ती घरी आली ती दुसऱ्या दिवशी संध्याकाळी. गुडघ्यापर्यंत चिखल वाळलेला. संपतनं पिठलं टाकलं होतं. ती खुर्चीत बसली, वाढेपर्यंत डोकं टेबलावर टेकवलं आणि झोपलीच. रुद्र टेबलाखाली शिरला. तिच्या बुटांच्या नाड्या भिजून घट्ट झाल्या होत्या, नखांनी सुटत नव्हत्या. तो उठून स्वयंपाकघरातून काटा घेऊन आला आणि एकेक गाठ सोडवत बसला. अर्धा तास लागला. दोन्ही बूट काढून त्यानं दाराशी शेजारी शेजारी ठेवले, आणि मग ताटावर येऊन बसला.

संपतनं पिठल्याचं पातेलं परत गॅसवर ठेवलं. घाई नव्हती.

*

उरलेलं वर्ष भराभर गेलं. जूनपासून संपतला तिथल्या साखर कारखान्याच्या लॅबमध्ये दिवसपाळीचं हंगामी काम मिळालं. रुद्रला शाळेत दोन जिवलग मित्र झाले. रविवारी तिघं बाजारात जायची, भाजीवरून भांडायची, परत येऊन एकत्र झोपायची. डिसेंबरात निरोपाच्या जेवणाला लेन आणि त्याची बायको आली. लेनला हात मिळवून झाल्यावर काय करावं ते सुचेना, म्हणून त्यानं संपतला परत एकदा हात मिळवला.

प्रतिभाची पुढची बदली पुण्यात, खडकीला झाली. बातमी चांगली होती, पण संपतच्या मनात एकच गोष्ट होती. दोन वर्षं आई वाट बघत होती. रुद्र परत येईल, आपल्यापाशी राहील, असंच तिनं धरलं असणार. विमानात त्यानं प्रतिभाला तसं सांगितलंही. ती म्हणाली, "आत्या म्हणतील तसं. मी त्यांच्याकडून हिसकावून नाही घेणार."

निमोण्याला गाडी पोचली तेव्हा हरिबा रस्त्यावर येऊन उभे होते. अनसाबाईंनी भाकरतुकडा ओवाळून टाकला, रुद्रला जवळ घेतला, त्याची उंची आपल्या खांद्याशी मोजली. दोन दिवस कुणी विषय काढला नाही. तिसऱ्या दिवशी अनसाबाई तीळ निवडत बसल्या होत्या. रुद्र शेजारी बसून सांगत होता, पूल कसा टाकला, बोल्ट कसे परत काढायला लावले, मम्मी भोंग्यात काय बोलली. हे त्यानं फोनवर दहादा सांगितलं होतं. त्यांनी परत सगळं ऐकलं. तो खेळायला गेल्यावर त्या प्रतिभाला म्हणाल्या, "त्याला तुमच्यासंगंच ऱ्हाऊ द्या."

"आत्या, तुम्हाला—"

"मला काय हुतंय? मी काय म्हातारी झाले व्हय? शिरूरला यष्टीत बसलं की पुण्यात उतरतंय मानूस. मी यीन. उगं रडत बसू नगंस."

प्रतिभा रडत नव्हती. पण अनसाबाई असं म्हणाल्या आणि तिला रडू आलं. त्यांनी निवडलेल्या तिळांचं सूप तिच्याकडं सरकवलं, निवडायला.

आता खडकीच्या क्वार्टरमध्ये तिघं राहतात. हंगाम चालू असतो तेव्हा संपत रेल्वेनं पाटसला येजा करतो, पाळी अवघड असेल तर तिथल्याच खोलीवर थांबतो. इंद्रजीत अजून चेष्टा करतो, पण त्याची मुलगी समृद्धी यंदा सैन्याच्या परीक्षेचा अर्ज भरतेय, आणि फॉर्ममधल्या शंका तो रोज संपतलाच विचारतो.

अनसाबाई खरोखरच येतात, महिन्यातून आठ दिवस. पहिल्यांदा आल्या तेव्हा फाटकावरच्या पहारेकऱ्यानं त्यांना अडवलं. डोक्यावर बाजरीचं गाठोडं, हातात पिशवी.

"किसके यहाँ जाना है, माताजी?"

"संपतच्या घरी."

त्याला संपत कोण ते माहीत नव्हतं. त्यानं वही उघडली, नाव शोधलं, सापडलं नाही. अनसाबाईंनी गाठोडं वहीच्या शेजारी ठेवलं.

"मेजर प्रतिभा कोळपे ठावं हाय का?"

तो ताठ झाला. "जी, मॅडम को जानता हूँ."

"मी तिची सासू. बघून ठिव नीट. दर महिन्याला येनार हाय मी."

त्यानं फाटक उघडलं, आणि गाठोडं उचलून क्वार्टरपर्यंत न्यायला एक सायकलवालाही सोबत दिला.